दहा चिंचोके, दहा शब्द: मोजणं आणि वाचणं एकत्र शिकवण्याची पद्धत

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. हे शब्द कागदावर एकाखाली एक लिहून नीट बघा. दहाच्या दहा शब्द दोन अक्षरी आहेत. एकातही जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही, उकार नाही. ते वाचायला १० व्यंजनं (क, ठ, न, स, ह, त, द, च, र, प), ३ स्वर (ए, आ, ऊ) आणि ३ खुणा (काना, दुसरी वेलांटी, काना-मात्रा) पुरतात. एकूण १६ चिन्हं. याच १६ चिन्हांत मराठवाड्यातल्या लेकरांच्या रोज कानावर पडणारे कितीतरी शब्द बसतात: ऊस, ऊन, पाऊस, रान, पीक, चारा, रोप, दोरी, काठी, एकर, पोती, काका, दादा.

म्हणजे वाचनाची पहिली शिदोरी मोजण्याच्या शब्दांतच बांधलेली आहे. तरी बहुतेक घरांत आणि अंगणवाड्यांत एका वहीत अ-आ-इ-ई चालतं, दुसऱ्या वहीत एक ते शंभर चालतं आणि दोन्हींची गाठ कधी पडत नाही. लेकरू शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं, पण 'सात' हा शब्द लिहून दाखवला की गप्प बसतं. आणि सात चिंचोके मागितले तर मूठभर देतं.

केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. पहिलीच्या आधीच्या वर्षाकडून, म्हणजे बालवाटिकेकडून, त्यात साधारण इतकीच अपेक्षा आहे: अक्षर आणि त्याचा आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतचे अंक ओळखून वाचणं. खाली दिलेल्या पद्धतीत या तिन्ही गोष्टी एकाच सामानावर होतात. ती साडेतीन ते साडेसहा वर्षांच्या लेकरांसाठी आहे. रोज दहा-बारा मिनिटं पुरेत. लेकरू कंटाळलं की सहाव्या मिनिटालाही थांबावं.

सामान

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे किराणा दुकानात सहज मिळतो. त्यात ५ खड्ड्यांच्या ६ ओळी, म्हणजे ३० खड्डे असतात. दोन-दोन ओळींचे तुकडे कापले की १० खड्ड्यांच्या तीन चौकटी होतात. अंडं फुटून डाग पडलेला ट्रे घेऊ नका. कोरा किंवा स्वच्छ घ्या, तरी एक दिवस कडक उन्हात ठेवा.

मोजायला चिंचोके सगळ्यात उत्तम. गुळगुळीत, हाताला जड लागणारे आणि फुकट. धुऊन, वाळवून पंधरा-वीस ठेवा. घरात तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर मात्र चिंचोके, गोट्या, शेंगदाणे यांतलं काहीच नको. ते नाकात किंवा घशात अडकतं. तिथं बाटल्यांची मोठी झाकणं, मक्याची बुरकुंडं, लाकडाचे ठोकळे वापरा. गुंजेच्या लाल बिया कितीही सुंदर दिसल्या तरी विषारी आहेत. धोतऱ्याच्या आणि एरंडाच्या बियाही तशाच. सीताफळाच्या बियांचा अंश डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून त्याही बाजूला ठेवा.

जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून १० सेंमी × ७ सेंमीची ३० कार्डं करा. दहा कार्डांवर फक्त ठिपके, दहांवर फक्त आकडे (१ ते १०) आणि दहांवर फक्त शब्द. शब्दाचं अक्षर निदान ३ सेंमी उंच असावं, जाड काळ्या मार्करनं लिहावं, शिरोरेखा सलग ओढावी. ठिपके ट्रेच्या रचनेतच काढा: पाचपर्यंत एका ओळीत, सहापासून दुसरी ओळ. म्हणजे आठ हे 'एक भरलेली ओळ आणि खाली तीन' असंच दरवेळी दिसेल.

तिन्ही गोष्टी एकाच कार्डावर घालायचा मोह होतो, विकतच्या तक्त्यांतही तसंच छापलेलं असतं. पण शब्दाशेजारी ठिपके असले की लेकरू ठिपके बघून 'पाच' म्हणतं, अक्षरांकडे बघतसुद्धा नाही. मोठ्यांना वाटतं, वाचायला आलं. म्हणून कार्डं वेगळी ठेवा. जोड्या लावायचं काम लेकराचं.

आधी हातानं मोजणं

या टप्प्यात एकही अक्षर नाही. घाई झाली तर पुढं सगळं डळमळतं, म्हणून इथं हवा तेवढा वेळ द्या.

ट्रेची एक चौकट आणि चिंचोके समोर ठेवा. एक चिंचोका, एक खड्डा, एक शब्द. वरची ओळ डावीकडून उजवीकडं भरायची, मग खालची. चिंचोका खड्ड्यात पडतो तेव्हाच संख्या म्हणायची. सतरंजीवर पसरलेले चिंचोके बोटानं मोजताना लेकरं एखादा दोनदा मोजतात, एखादा सोडतात, कारण तोंड हातापेक्षा वेगानं पळतं. खड्ड्यात टाकायला जो क्षण लागतो त्यानं तोंडाला आपोआप लगाम बसतो.

तीन टाकून झाले की विचारा, "किती झाले?" बरीच लेकरं उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. शेवटचा उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. तेव्हा "आत्ताच मोजले ना" असं म्हणू नका. स्वतः मोजून दाखवा: "एक, दोन, तीन. तीन चिंचोके." शेवटचा शब्द वस्तूच्या नावासकट पुन्हा म्हणायचा आणि सगळ्या चिंचोक्यांवरून हात फिरवायचा. आठवडाभर रोज चार-पाच वेळा असं कानावर पडलं की फरक दिसू लागतो.

खरी कसोटी मोजून घेण्यात नसते, मागण्यात असते. "मला चार दे." ढिगातून नेमके चार उचलून तिथंच थांबणं अवघड काम आहे. लेकरू आधी 'एक'ला पक्कं होतं, मग 'दोन'ला, मग 'तीन'ला, आणि प्रत्येक टप्प्यात आठवडे, कधी महिनेही जातात. या काळात दोनच्या पुढचं सगळं त्याला 'लई' एवढंच असतं. हे मंदपणाचं लक्षण नाही, वाढीचा क्रमच तसा आहे. चार-पाचाला पोचलं की पुढचं भराभर सुटतं. लागोपाठ दोन दिवस, चारपैकी निदान तीन वेळा नेमके पाच दिले, आणि तोंडी दहापर्यंत क्रम न चुकता आला, की पुढच्या टप्प्याला हरकत नाही.

घरात याचा सराव करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. जेवायला किती माणसं, तितकी ताटं लेकराला आणायला सांगा. "आजी, आजोबा, माय, मी. चार ताटं." भाकरी टोपल्यात टाकताना मोजू द्या. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तरी हा टप्पा ती घरातल्या कुणाहीपेक्षा चांगला करून घेते, कारण तिच्याकडं सवड असते आणि घाई नसते.

चिंचोके फोडून त्यांच्या फाका जुन्या खेळांत फाशासारख्या वापरतात. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. पाच फाका ओंजळीतून टाका आणि विचारा, "पांढरे किती, तपकिरी किती?" तीन आणि दोन. चार आणि एक. पाच आणि एकही नाही. बेरीज हा शब्द न उच्चारता पाचाच्या सगळ्या फोडी डोळ्यांखालून जातात. 'शून्य' तोंडी सांगायला हरकत नाही, पण त्याचं शब्दकार्ड करू नका, कारण त्यात जोडाक्षर आहे. रिकामी चौकट आणि ० एवढं पुरे.

मग आकडे

ठिपक्यांच्या कार्डाला आकड्याचं कार्ड जोडायचं. १ ते ३ पासून सुरुवात, तीन दिवसांत एक-दोन आकडे वाढवा. ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या आकृत्या आहेत. १ आणि ९ यांचंही तसंच होतं. लेकरं ते उलटसुलट वाचतात, लिहितात, आणि सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. ओरडू नका. परातीत कोरडी राख किंवा बारीक वाळू पसरून बोटानं मोठा ३ गिरवू द्या आणि तोंडानं म्हणा, "तीनचं तोंड डावीकडं, सहाचं उजवीकडं." ३ आणि ६ एकाच दिवशी मात्र शिकवू नका. एक पक्का झाल्यावर, निदान आठवड्यानं दुसरा. पुढं अक्षरं आली की ३ आणि उ, ५ आणि प यांतही गोंधळ होईल, त्यालाही हाच नियम.

पेन्सिल पाच वर्षांच्या आत नको. पाटी द्यायची तर खडू मोडून बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांच्या चिमटीत येतो.

मोबाइलवर आणि बसवर इंग्रजी आकडे असतात, ते लेकरू बघतंच. विचारलं तर सांगा. पण सरावाला एकच संच घ्या, शाळा ज्या आकड्यांत शिकवणार असेल तो. दहापर्यंत पक्का झाला की दुसरा संच आठवडाभरात येतो.

आता शब्द: मोजण्याचा क्रम वेगळा, वाचण्याचा वेगळा

मोजताना एक, दोन, तीन हाच क्रम. वाचायला मात्र 'दोन' आणि 'तीन' शेवटी येतात, कारण त्यांत काना-मात्रा आणि वेलांटी आहे. वाचनाचा क्रम चिन्हांच्या सोपेपणानुसार लावावा:

१. एक, आठ, नऊ. यांत कुठलीही खूण नाही, नुसती अक्षरं. नवी चिन्हं: ए, क, आ, ठ, न, ऊ. लगेच वाचता येणारा बाहेरचा शब्द: ऊन.

२. सहा, मग सात, मग दहा. इथं काना येतो. नवी चिन्हं: काना, स, ह, त, द. वाचता येणारे शब्द: ऊस, कान, नाक, काका, नाना, हात, ताक, दात, दादा.

३. चार, पाच. नवी चिन्हं: च, र, प. शब्द: चारा, रान, एकर, दार, हार, चाक, पान, साप, ताप, पाऊस.

४. तीन, दोन. इथं नवं व्यंजन एकही नाही, फक्त दुसरी वेलांटी आणि काना-मात्रा. शब्द: पीक, पीठ, काठी, दोरी, दोर, रोप, पोती.

एका आठवड्यात दोन शब्दांपेक्षा जास्त नकोत. पहिल्या गटाला पंधरा दिवस लागले तरी चालतील.

एका शब्दाचा पाठ कसा घ्यायचा ते 'सात'वर बघू. लेकरू ट्रेमध्ये सात चिंचोके टाकतं: वरची ओळ भरलेली, खाली दोन. ठिपक्यांचं कार्ड शोधतं, ७ चं कार्ड शोधतं. आता तुम्ही शब्दाचं कार्ड ठेवता. ते वाचून दाखवू नका. पहिल्या अक्षरावर बोट ठेवा: 'स' त्याला 'सहा'मधून माहीत आहे. काना माहीत आहे. "सा." मग बोट 'त'वर न्या, हा नवा, आवाज तुम्ही सांगा. मग बोट शब्दाखालून न थांबता सरकवत ताणून म्हणा: "साऽऽत." दोनदा तुम्ही, दोनदा दोघं मिळून, मग ते एकटं. त्यानंतर कार्डं फिरवा: सात, सहा, एक, सात, नऊ. शेवटी 'सात'मधला स झाकून तिथं ह ठेवा. "हात." वाचल्याबरोबर लेकरू स्वतःचा हात वर करतं. तिथंच त्या दिवसाचं काम संपवा.

शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला 'अ' मराठीत उच्चारला जात नाही. अक्षरं सुटी शिकलेलं लेकरू 'सा-तऽ' असं दोन तुकड्यांत म्हणतं आणि त्यातून 'सात' त्याला ऐकूच येत नाही. म्हणून 'त'चा आवाज सांगताना तो लांबवू नका, आखूड आणि तोडका सांगा. 'ए… क…' असं थांबत थांबत वाचायची सवय एकदा लागली की मोडायला फार दिवस जातात. कार्ड समोर नसतानाही हा जोडण्याचा खेळ घ्या: "मी म्हणते स-हा, काय झालं?" यासाठी नऊ, सहा, दहा हे शब्द बरे, कारण त्यांत बोलतानाही दोन ठोके ऐकू येतात. बाकीचे सात शब्द एकाच ठोक्यात संपतात, त्यांवर दोन टाळ्या वाजवायची सक्ती करू नका.

अडचण अशी की मराठवाड्यातल्या कित्येक घरांत दहाला 'धा' आणि सहाला 'सा' म्हणतात. लेकराच्या कानात दुसरा ठोका नसतोच. 'धा'ला चूक ठरवू नका. मोजताना 'धा' चालू द्या, आणि कार्ड समोर आलं की सांगा, "आपण धा म्हणतो ना, ते लिहितात असं: द-हा." लेकरं हे विनातक्रार स्वीकारतात. घरच्या बोलीला नाक मुरडलं की मात्र ती तोंड मिटून घेतात, आणि मग मोजणंही बंद पडतं.

दुसरी अडचण 'च'ची. 'चार'मधला च वेगळा, 'पाच', 'चाक', 'चारा', 'चोर' यांतला वेगळा. अक्षर एकच. 'पाच' हा शब्द 'चार'मधल्या च नं वाचून लेकरू अडखळलं तर ते चुकलेलं नाही, ते अक्षराशी प्रामाणिक आहे. "हा च कधी असा, कधी तसा वाजतो. तुला ओळखीचा शब्द कुठला वाटतो?" एवढं विचारा. संख्या आधीच तोंडात असल्यानं योग्य उच्चार ते स्वतः शोधतं. मोजण्याचे शब्द आधी वाचायला घेण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. अक्षरं अर्ध्यावर नेऊन सोडतात तिथं ओळखीचा शब्द हात देतो.

वाचन खरं की अंदाज, हे तपासायला जवळजवळ सारखे दिसणारे शब्द एकत्र मिसळा: सात–हात–दात, सहा–दहा, चार–दार–हार, पाच–पान, पीक–पीठ. 'पान' दाखवल्यावर 'पाच' आलं तर लेकरू पहिलं अक्षर बघून उडी मारतंय. दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवून थांबा, उत्तर सांगू नका.

दोन शब्दांची ओळ

चौथा गट झाला की संख्या आणि वस्तू जोडून वाचायला द्या. इथं मराठीचं अनेकवचन आडवं येतं. 'काठी'चं 'काठ्या' होतं आणि जोडाक्षर घुसतं. 'पान'चं 'पानं' किंवा 'पाने' होतं, त्या खुणा अजून झालेल्या नाहीत. म्हणून अनेकवचनात न बदलणारे शब्दच निवडा: हात, दात, कान, ऊस, साप, हार, दोर, एकर. 'दोन कान', 'पाच ऊस', 'दहा दात', 'चार एकर रान'. नाक, पान, चाक, काठी, दोरी यांच्याबरोबर फक्त 'एक'. माणसं मोजताना आपण 'दोघं, तिघं' म्हणतो. ते बोलण्यात खुशाल येऊ द्या, कार्डावर नको.

त्यानंतर करून बघण्याच्या चिठ्ठ्या लिहा: 'तीन हात दोरी', 'दोन हात कर', 'एक पान', 'चार हात काठी'. लेकरू चिठ्ठी वाचतं आणि तसं करतं. 'तीन हात दोरी' असेल तर कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तीनदा दोरी मोजायची. लेकराचा हात आणि बापाचा हात यांनी मोजलेली दोरी वेगळी भरते. का, हे त्यालाच विचारा. त्यावर अर्धा तास बोलणं चालतं, आणि त्यात गणित पुस्तकापेक्षा जास्त असतं.

एक छापील वस्तू प्रत्येक घरात आहेच: दहाची नोट. नव्या तपकिरी नोटेवर 10 आणि १० दोन्ही आकडे आहेत. मागच्या बाजूला १५ भाषांची पट्टी आहे. त्यात मधोमध, वरूनही आठवी आणि खालूनही आठवी ओळ मराठी: 'दहा रुपये'. अक्षर फार बारीक असतं, उजेडात धरा आणि 'दहा' शोधायला सांगा. आसपासच्या ओळींतही देवनागरी आहे, पण 'दहा' फक्त आपल्या ओळीत. विसाच्या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळच्या लेण्यांचं चित्र आहे, तिच्यावर 'वीस रुपये'. त्यातलं 'वीस' वाचायला फक्त 'व' नवा लागेल.

घरची भाषा वेगळी असेल तर

देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहरांत दखनी उर्दू. अशा लेकरानं चिंचोके आधी घरच्या भाषेत मोजावेत. पाच म्हणजे किती, हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचा राहतो. आधी तेलुगूत 'ओकटी, रेंडू, मूडू', चौकट तीच ठेवून लगेच 'एक, दोन, तीन'. वाचनाचं कार्ड मात्र मराठी शब्द तोंडी पक्का झाल्याशिवाय काढू नका. जो शब्द कानाला अनोळखी आहे, तो अक्षरं जोडून वाचला तरी लेकराला वाचल्याचं कळत नाही.

अंगणवाडीत वीस-पंचवीस लेकरं असतील तर चार-चारचे गट करा, गटाला एक चौकट. बाई एका वेळी एकाच गटाजवळ बसतील, बाकीचे फाका टाकून खेळतील किंवा ठिपके-आकड्यांच्या जोड्या लावतील. सगळ्यांनी एका सुरात कार्ड वाचणं टाळा. त्यात दोघं-तिघं वाचतात आणि बाकीचे मागून ओढले जातात. कोण कुठं अडलं, हे कळतच नाही.

बीड, जालना, परभणीतली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. लेकरू बरोबर जाणार असेल तर बिऱ्हाडात कापडी पिशवी द्या: १५ चिंचोके, ट्रेची एक चौकट, ३० कार्डं आणि दोन खडू. ओझं काहीच नाही. थोरलं भावंड तिसरी-चौथीत असेल तर त्याला वरच्या चार गटांचा क्रम आणि 'साऽऽत' ताणून वाचण्याची रीत निघण्याआधी दोनदा करून दाखवा. मायबाप फडावर असतात, त्यामुळं शिकवणारं तेच असणार.

अकरा ते पंचवीस

दहा शब्द, त्यांतून निघालेले तीस-पस्तीस शब्द आणि दोन शब्दांच्या ओळी अडखळत का होईना वाचता आल्या की पुढं जा. 'सतरा' सगळ्यात आधी घ्या, कारण त्यात नवं काहीच नाही. 'अकरा' आणि 'अठरा'ला फक्त अ लागतो. मग बारा (ब), तेरा (मात्रा), सोळा (ळ), चौदा (काना आणि दोन मात्रा), वीस (व), एकोणीस (ण) आणि पंधरा (अनुस्वार, ध). या दहा शब्दांसाठी नवी चिन्हं ९. 'तेरा' झाल्यावर 'पाने' वाचता येतं, 'पंधरा' झाल्यावर 'पानं'.

दोन चौकटी शेजारी ठेवा. पहिली भरल्याशिवाय दुसरीत टाकायचं नाही. १३ म्हणजे एक भरलेली चौकट आणि तीन. एकोणीसला लेकरं हमखास अडतात, अठरानंतर काय ते सुचत नाही. दोन्ही चौकटी भरून शेवटच्या खड्ड्यातला एक चिंचोका काढा: "वीसला एक कमी, एकोणीस."

एकवीसपासून बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा होतो. कानावर 'एक' आधी येतो, 'वीस' नंतर; लिहिताना २ आधी, १ नंतर. म्हणून 'एकवीस' ऐकून लेकरू १२ लिहितं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचायला दिलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण हेच सांगितलं होतं. घरी दोन्ही म्हणा: दोन भरलेल्या चौकटींवर हात ठेवून "वीस", सुट्या चिंचोक्यावर बोट ठेवून "आणि एक", मग "एकवीस". लिहिताना हात फिरतो त्याच क्रमानं आकडे पडतात.

एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस यांत नवं चिन्ह एकही नाही. म्हणजे १६ आणि ९, एकूण २५ चिन्हांत पंचवीसपर्यंतच्या सगळ्या संख्या शब्दांत वाचता येतात. पहिलं जोडाक्षर 'सव्वीस'मध्ये येतं. तिथून संख्यांची नावं फक्त तोंडी आणि आकड्यांत चालू ठेवा. वाचनासाठी उरलेल्या वेलांट्या, उकार आणि व्यंजनं साध्या गोष्टींच्या पुस्तकांतून घ्या, आणि 'सव्वीस', 'सत्तावीस'ची शब्दकार्डं जोडाक्षरांचा अभ्यास सुरू झाल्यावरच काढा.